शून्यापासून मोजणारे मेजर

रहिमतपुरात पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली आहे, तिथं आमच्या सरांचा कॉम्प्युटरचा क्लास. तिच्या खिडकीतून उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढून पाच मिनिटं उभं राहायची शिक्षा मी इतक्या वेळा भोगली आहे, की खाली दळण घेऊन येणाऱ्या बायका मला चेहऱ्यापेक्षा हातावरून जास्त ओळखायच्या. "आज परत चुकलं वाटतं पोरगं," असं एक म्हातारी खालून मोठ्यानं म्हणायची आणि गिरणीवाला काम थांबवून वर बघायचा.

ही शिक्षा कशाची, हे कळायला खिडकीला लागून असलेलं कपाट माहीत पाहिजे. कपाट कसलं, पत्र्याचं एक लांबलचक खोकं होतं, एका आडव्या ओळीत दहा खण. खणांवर सरांनी पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते, शून्यापासून नऊपर्यंत, आणि प्रश्न विचारताना त्या आकड्यांवर ते फडकं टाकायचे. रोज सकाळी खणांत काहीतरी ठेवलेलं असायचं, पण एकाच जिनसाचं. लिंबं तर दहाही खणांत लिंबं, सेल तर दहाही खणांत सेल. "ही अ‍ॅरे," सर म्हणायचे. "नाव एक, खण धा. एकात लिंबू आन् दुसऱ्यात चप्पल, असला आठवडी बाजार हितं चालायचा न्हाई."

मग एकाला उभं करायचे. "शेवटचा खण कितवा रं?"

"दहावा, सर."

"जा. धाव्या खणात हात घाल."

नऊ आकड्याच्या खणानंतर खिडकीच होती. "कॉम्प्युटरची ही सी भाषा लय वंगाळ हाय," हात बाहेर लोंबकळत असताना सरांचं व्याख्यान चालू व्हायचं. "शून्यापास्नं नऊपातूर तुझी हद्द. धावा खण मागितलास तर ती न्हाई म्हणत न्हाई. घाल म्हणती हात. भाईर काय हाताला लागंल ते तुझं नशीब." एकदा खरंच हाताला कावळ्यानं दिलेला प्रसाद लागला होता. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो हात सगळ्या वर्गाला फिरवून दाखवला.

सर फौजेतून निवृत्त होऊन आलेले. आमच्या साताऱ्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही हुद्दा न विचारता मेजर म्हणतात, त्यामुळं गावाला ते मेजर आणि आम्हा पोरांना सर. प्रत्यक्षात ते हवालदार होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी हुद्दा कधी सांगितला नाही आणि मेजर म्हटल्यावर कधी दुरुस्तही केलं नाही. एका आकड्याची चूक झाली तरी खिडकीत उभं करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतक्या पायऱ्यांची चूक खपवून घेत होता, एवढं मी इथं नोंदवून ठेवतो.

फौजेत ते संदेशयंत्रांच्या खात्यात होते. तिथंच कॉम्प्युटर शिकले आणि तिथंच थांबले. क्लासमध्ये सात कॉम्प्युटर होते. त्यातले चार चालू होते, आणि चारांपैकी एक सरांनी झाकून ठेवला होता, का ते कुणालाच माहीत नाही. क्लास सकाळी सहाला भरायचा. सहाला पाच कमी असताना गिरणीच्या ओट्यावर आम्ही रांगेत उभे आणि सर समोर, इस्त्रीची पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात लाकडी फूटपट्टी. हजेरी नावानं नाही, आकड्यानं. आणि आकडे अर्थातच शून्यापासून.

रांगेतला पहिला मी. म्हणजे शून्य.

"शून्य!" सर गरजायचे.

"हजर सर!" मी ओरडायचो, आणि एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांना कळायचं की शून्य आला. बीएस्सी झालेल्या, घरात पहिल्या पदवीधर असलेल्या माणसाला रोज सकाळी भर चौकात हे ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा त्याच्या मनात त्या आकड्याबद्दल काय साचत जातं, ते पुढं कामाला येणार आहे.

सरांच्या शिकवण्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग बाकांचा. आम्ही एका रांगेत बाकांवर बसलेलो. शेवटचं बाक रिकामं. सर एका नव्या पोराला आणायचे आणि म्हणायचे, "ह्याला दोन नंबरच्या जागी बसवायचाय. सरका." पहिल्या दिवशी दोन नंबरचा पोरगा उठला आणि तीन नंबरच्या मांडीवर जाऊन बसला. तीन नंबर उठून चारच्या मांडीवर. शेवटी एका बाकावर ढीग झाला, एकाचा चष्मा मोडला, आणि सर मधोमध उभं राहून फूटपट्टी हवेत फिरवत होते. "फुडनं सरकलास की मागचा मेला! शेवटच्यानं आधी उठायचं, मग त्याच्या अलीकडच्यानं! आधी जागा, मग मानूस!" हे मात्र मी आजतागायत विसरलेलो नाही. कंपनीत चांगल्या शिकलेल्या पोरांना मी रांग पुढच्या बाजूनं सरकवताना बघतो आणि मला तो चष्मा आठवतो.

तर असे खण, असे बाक, आणि असेच आठ महिने. आठ महिन्यांत आम्ही अ‍ॅरेच्या पुढं गेलो नाही. अ‍ॅरे भरणे, अ‍ॅरे उलटी करणे, अ‍ॅरेतला मोठा शोधणे, दोन अ‍ॅरे एकत्र करणे, आणि हे सगळं आधी कागदावर. कागदावरचं बरोबर आल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्याच काळात साताऱ्यात पोवई नाक्याकडं एक एसी क्लास निघाला होता, तिथं पंचेचाळीस दिवसांत सगळं शिकवायचे आणि वर टी-शर्ट द्यायचे. आमच्यातली निम्मी पोरं टी-शर्टाच्या मागं गेली. सरांनी त्यांच्या जाण्याचा प्रश्न फळ्यावर घातला. "अकरा जवान. त्यातले पाच पळाले. मधले खण रिकामे न ठेवता रांग लावा."

मीही पळालो असतो. पण साताऱ्याचा क्लास माझ्या वडलांना, आण्णांना, परवडण्यातला नव्हता, आणि आण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "जूनपर्यंत नोकरी बघ. न्हाईतर काकाच्या पोल्ट्रीवर जायचं. तीन हजार पक्षी हायती, मानूस कमी पडतोय." काकाची पोल्ट्री ज्यांनी लांबून तरी हुंगली असेल, त्यांना माझी निकड वेगळी सांगायला नको.

शिरवळला एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या विभागात पोरं घेणार होते. त्यांची अट साधी होती. तुम्ही लिहिलेला, कुठंतरी खरोखर वापरात असलेला एक प्रोग्राम दाखवा, आणि शिकवणाऱ्याचं पत्र आणा. मी सरांकडं प्रमाणपत्र मागितलं. सर हसले. "प्रमाणपत्र भिताडाला लागतंय. मी देत न्हाई." मग कपाटाकडं बघून म्हणाले, "पत्र देतो. पर एक काम कर. आमच्या गावच्या पान्याची यादी करून दे. उन्हाळाभर नीट चालली तर पत्र तुझं."

सरांचं गाव तिथून जवळच, नदीकाठाला. शेतकऱ्यांनी मिळून नदीवरून पाणी उचलायची संस्था काढलेली. पाइपलाइनीवर एक्केचाळीस सभासद, प्रत्येकाला आठवड्यातून एकदा दोन तास पाणी. भांडण असायचं ते रात्रीच्या पाण्यावरून. कुणाच्या बोकांडी सारखी रात्रपाळी बसली की सोसायटीत कॉलर धरायची वेळ यायची. म्हणून दर आठवड्याला वेळा फिरवायच्या आणि नवी यादी पंपहाऊसच्या भिंतीवर लावायची. एक नावांची अ‍ॅरे, एक वेळांची अ‍ॅरे. आठ महिने लिंबं मोजलेल्या माणसाला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ होता. मी दोन दिवसांत केलं.

नावं लावायची ती व्हॉल्व्हच्या क्रमानं, पंपापासून जवळचं शेत आधी. पंपाला अगदी खेटून असलेलं पहिलं शेत सरांच्या घरचं होतं, पण कागदोपत्री काकूंच्या नावावर. काकू म्हणजे सरांच्या बायको. सर सत्तावीस वर्षं फौजेत आणि काकू सत्तावीस वर्षं त्या शेतात. पण सर परत आल्यापासून कुठल्या वाफ्यात काय लावायचं, हे सर ठरवायचे, आणि फूटपट्टी घेऊन ठरवायचे. दोन ओळींतलं अंतर चुकलं म्हणून त्यांनी एकदा लावलेली मिरची उपटायला लावली होती. त्या वर्षी काकूंनी पहिल्यांदा हट्ट धरला. वीस गुंठ्यांत आलं लावायचं, आणि तुम्ही बांधावर पाय ठेवायचा नाही. बेणं त्यांनी स्वतः कोरेगावच्या बाजूला जाऊन, कंद न् कंद हातात घेऊन निवडून आणलं. मी यादीसाठी त्यांच्याकडं नाव विचारायला गेलो, तेव्हा त्या सऱ्यांच्या कडेला बसून बेणं लावत होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, मे महिन्याच्या उन्हात आलं म्हंजे तान्हं पोर. पान्याची पाळी तेवढी चुकू देऊ नगोस. औंदा माजं मी करून दावनार हाय."

"काळजीच सोडा काकू," मी म्हणालो. अगदी ऐटीत म्हणालो.

पहिली यादी मी सरांच्या शिस्तीत छापली. अनुक्रमांक शून्यापासून. शून्यासमोर काकूंचं नाव. यादी भिंतीला लागली आणि तासाभरात पंपहाऊससमोर जत्रा. सभासद म्हणजे एकापेक्षा एक मानी माणसं, कुणी माजी सरपंच, कुणी सुभेदार. एकजण म्हणाला, "मेजरनं घरातल्यालाच शून्य केलं की!" दुसरा म्हणाला, "आज त्या हायत्या, उद्या यादी उलटी फिरली तर मी शून्य व्हनार का?" काकू घागर घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी यादीकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि पुढं गेल्या. संस्थेच्या चेअरमननी मला बाजूला घेतलं. "ए गड्या, हितं शून्य नंबरचा शेतकरी कोन ऐकून घ्यायचा न्हाई. एकपास्नं कर."

खरं सांगायचं तर मला हे ऐकून गार वाटलं. आठ महिने चौकात शून्य म्हणून ओरडलेलो मी. सरांच्या लाडक्या शून्याला कुणीतरी पहिल्यांदा हाकललं होतं, आणि तेही माझ्या हातानं हाकलायचं होतं. सरांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की खण शून्यापासूनच राहू दे, फक्त छापताना आकड्यात एक मिळव. मी ते केलं नाही. मी सरळ प्रोग्रामात शून्य होता तिथं एक लिहिला. यादी छापली. एक, दोन, तीन, छान शिस्तीत. सभासद खूश, चेअरमन खूश. काकूंवरचा शून्याचा डागही मी पुसला, असं मला वाटलं.

शून्याच्या खणात कोण आहे, ते मी बघितलं नाही. शून्यापासून मोजायला सुरुवात केलीच नाही, तर त्या खणातला माणूस मोजला जात नाही, हे मी आठ महिने लिंबांवर शिकलो होतो.

व्हॉल्व्हची चावी फिरवून पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. सरांनी त्याला संस्थेच्या वतीनं आधीच दम भरला होता. "यादी म्हंजे ऑर्डर. नाव न्हाई तर चावी न्हाई. सख्खा भाऊ आला तरी न्हाई." पाटकरी साधा माणूस. त्यानं ऑर्डर पाळली.

पुढचे आठवडे मी यादी छापायचो, चिकटवायचो आणि शिरवळच्या पत्राची स्वप्नं बघायचो. येता-जाता काकू दिसायच्या. नदीवरून घागर भरून आणायच्या आणि आल्याच्या सरीत ओतायच्या. डोक्यावर एक, कमरेवर एक. मे महिन्यातलं सकाळी आठचं ऊन. मला वाटलं, जसा नवरा तशी बायको, पाइपलाइनीचं पाणी हिला गोड लागत नसणार. मी क्लासमध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली आणि पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. सर खिडकीत उभे होते. ते हसले नाहीत, लिंबं मांडत राहिले.

तिसऱ्या पाळीनंतर पाटकरी गिरणीखाली भेटला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "लय भारी प्रोग्राम केलास गड्या! आदी शनवारी पाळी सपायला पार सांज व्हायची. आता दोन तास आदीच मोकळा! घरी जाऊन झोप काढतुया."

मी छाती फुगवली. त्याला म्हणालो, "कॉम्प्युटर हाय बाबा शेवटी." शिरवळला हे सांगायचं, असंही मनात ठरवलं. प्रोग्राममुळं दर आठवड्याला दोन तासांची बचत. जिना चढताना पाचव्या-सहाव्या पायरीवर मी थांबलो. पंप तोच. पाइप तोच. माणशी दोन तास तेच. मग दोन तास वाचले कुठून?

खिशातून यादी काढली. शेवटचा आकडा चाळीस.

मी जिन्यावरच बसलो. एक्केचाळीस सभासद आणि आकडा चाळीस. पहिलं नाव बघितलं, ते काकूंच्या पलीकडच्या शेताचं होतं. काकूंचं नाव नव्हतं. तीन आठवडे नव्हतं. आणि ती घागर मला एकदम दिसली, डोक्यावरची आणि कमरेवरची.

सायकल काढून मी थेट गावात गेलो. सर सोप्यात खुर्चीत बसून पेपर वाचत होते. काकू चुलीपुढं होत्या. मी दारातच बोललो, धापा टाकत, सगळं. एकपासून कसं केलं, शून्य कसा गळला, तीन पाळ्या.

सरांनी पेपरची घडी घातली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एकवीस दिवस लागले तुला. मला पयल्याच दिवशी कळलं हुतं."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "पहिल्या दिवशी? मग सांगितलं का नाही सर?"

"मी सांगितलं असतं तर तू शिकला असतास का? ज्यानं चूक केली त्यालाच गावली पायजे. त्यो कायदा हाय."

आत चुलीपुढची फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला. काकू दाराशी आल्या. "म्हंजे तुमाला ठाव हुतं?" त्या सरांना म्हणाल्या. "मी दर सोमवारी इचारत हुते, आवं माजं नाव का न्हाई, आन् तुमी म्हनत हुतासा, फुडच्या पाळीला येतंय. फुडच्या पाळीला येतंय."

"पोराला गावलं की येनारच हुतं..."

"आन् आलं?"

सरांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडला. आज मी स्पष्ट सांगतो. तो कायदाबियदा काही नव्हता. चेल्यानं आपल्याला न विचारता आपला शून्य काढून टाकला, हा सरांचा रुसवा होता. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यांनी ते एकवीस दिवस गिळून ठेवलं. कावळ्याची घाण लागलेला माझा हात जसा वर्गभर फिरवला, तशी त्यांना माझी चूक फिरवायची होती, फक्त ती पिकण्याची वाट बघत होते. पिकलं काय, ते काकूंनी आम्हा दोघांना शेतात नेऊन दाखवलं. खुरप्यानं सरी उकरली. निवडून आणलेलं, हाताएवढं बेणं सुरकुतून चिंचेच्या बोटकासारखं झालं होतं. उकरलं तिथं तेच. फक्त नदीच्या बाजूच्या चार सऱ्यांत हिरवे कोंब होते. घागरीचं पाणी तेवढंच पोचलं होतं.

मी काकूंची माफी मागितली. मला रडू आलं, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. काकू माझ्याकडं न बघता कोंबांवर माती ओढत म्हणाल्या, "तू शिकत हुतास बाळा. शिकताना चुकतंय." मग सरांकडं मान वळवली. "ह्ये काय शिकत हुते, ते इचार."

बांधावर पाय न ठेवण्याची अट सरांनी त्या दिवशी नकळत मोडली होती. त्यांच्या पांढऱ्या बुटांना माती लागली होती आणि ते बुटांकडंच बघत होते. मला त्यांची दया आली नाही. आज येते, थोडी.

आठवड्यानं सरांनी मला पत्र दिलं. स्वतःच्या अक्षरात, एका ओळीखाली एक ओळ, जसं फौजेत अहवाल लिहितात तसं. "सदर विद्यार्थ्याने यादीतील शून्य क्रमांक वगळून एका सभासदाचे तीन पाळ्यांचे पाणी बंद पाडले. चूक स्वतः शोधली. स्वतः येऊन कबूल केली. कामास योग्य." मी म्हणालो, "सर, हे दाखवलं तर मला दारातूनच हाकलतील." सर म्हणाले, "मग खरं बोलनाऱ्या जागी जा."

शिरवळच्या साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या कारखान्यात आधीच्या पोरानं एक मशीन यादीतून असंच गाळलं होतं आणि सहा महिने कबूल केलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. ते म्हणाले, "हा सभासद कोण होता?"

"सरांच्या बायको, साहेब."

साहेब हसले, पोटभर हसले, आणि मला कामावर घेतलं. मीही त्यांच्यासोबत हसलो. पोल्ट्री टळली होती ना. पण घरी येताना एसटीत काकूंच्या त्या वाळलेल्या सऱ्या आठवल्या. माझी नोकरी कशावर उगवली, हे मला नीट माहीत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात सुट्टी काढून मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. सर थकलेत, पण क्लास चालू आहे. तीन पोरं आहेत आणि खणांत लिंबं आहेत. मला बघून त्यांनी ताठ बसायचा प्रयत्न केला. "शून्य!"

"हजर सर," मी म्हणालो. लाज नाही वाटली.

"कंपनीत कुठनं मोजतासा?"

"शून्यापासूनच, सर."

सरांचा चेहरा उजळला. मग ते माझ्याकडं झुकले आणि स्वयंपाकघराकडं एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "पंपहाऊसवरची यादी बघितलीस का? आता ही लिवती. सभासदांनी त्याच आठवड्याला हिच्याकडं दिली. हातानं लिवती, वहीतनं. एकपास्नं चालू करती."

"बरं."

"चूक हाय त्ये."

"मग सांगा की काकूंना."

आत कपबशा वाजल्या. सर मागं टेकले, पेपर उचलला आणि म्हणाले, "चहा घेनार न्हवं तू?"

चहात आलं होतं, घरचं. काकूंनी त्या चार सऱ्यांतलंच बेणं धरून पुढच्या वर्षी पुन्हा लावलं, आणि आता अर्धा एकर असतं, असं त्यांनीच सांगितलं. सर बांधावर पाय ठेवत नाहीत. मी कप ठेवताना जुनी गोष्ट काढायला गेलो, तर त्यांनी मला थांबवलं आणि पिशवीत आल्याचे दोन मोठे पंजे घालून दिले.

परत जाताना पंपहाऊसपाशी गाडी थांबवली. भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली यादी, निळ्या शाईत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. एक नंबरला काकूंचं नाव. मी बोट लावून खालपर्यंत मोजली, सावकाश, एकेक नाव वाचत. एक्केचाळीस भरली.

पाटकरी चावी घेऊन शेजारी येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "काय बघतुयास एवढं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळे हायत का, ते बघत होतो."

"हायत की," तो म्हणाला. "काकू रोज संध्याकाळी मोजून जात्यात."